आप्पांचा वाफसा

"वाफसा उना व ताई! ऊठ! वाफसा उना!"

शहाद्याला मी तीन वर्षं भाड्याने राहिले, पण त्या काळात मला गजर असा कधी लावावा लागला नाही. पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली, की सकाळी खालून हा आवाज यायचा आणि पाठोपाठ माझ्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पहारीचा ठणठणाट. मी डोळे चोळत गच्चीवर यायची. खाली परसात आमचे घरमालक, म्हणजे आप्पा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बसड्रायव्हरचा जुना खाकी शर्ट घालून उभे असायचे. हातात मातीचा लाडू. तो ते कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचे. लाडू पडून नुसताच चपटा झाला तर माती अजून ओली, काम बंद. पडताच दगडासारखा गडगडला तर उशीर झाला. पण पडून तो भुसभुशीत फुटला, तर मात्र आप्पा हवेत हात उडवायचे. माती खणायला नेमकी तयार! चिकटत नाही आणि ढेकळंही होत नाहीत, असा तो मधला थोडासा वेळ. शेतकरी त्याला वाफसा म्हणतात. आप्पांना त्याचं वेड होतं.

काळ्या चिकण मातीत हा वेळ फार थोडा टिकतो. सकाळी ओली असलेली माती दुपारच्या उन्हात कडक होऊन बसते. त्यामुळे वाफसा आला की आप्पांना दुसरं काही सुचत नसे. एकदा ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस. समोरच्या आरशात त्यांना रस्त्यावरचं ऊन दिसलं. ते तसेच उठले, गळ्यातल्या टॉवेलासकट घरी आले आणि कुदळ घेऊन वाफ्यात उतरले. मी दवाखान्यातून जेवायला आले तेव्हा तो फेस गालावर वाळून पापुद्रा झाला होता.

"आप्पा, अहो गाल!"

"गाल कोठे पळी जास? माटी पळी जाई!"

न्हावी टॉवेल न्यायला स्वतः आला, आणि उरलेली दाढी त्याने परसातल्या फळीवर बसवूनच केली.

मी मूळची कोकणातली. जांभा दगड आणि तांबडी माती. पाऊस पडला की पाणी अर्ध्या तासात कुठे गेलं ते कळत नाही, अशा गावची. शहाद्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी लागली आणि ऐन ऑगस्टात मी खोली बघायला आप्पांच्या कॉलनीत आले. कॉलनी म्हणजे म्हसावद रस्त्याला लागून असलेलं, प्लॉट पाडलेलं कपाशीचं शेत. फाटक उघडून मी दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल उचललंच जाईना. चप्पल मातीने धरून ठेवली होती. मी जोर लावला तसा दुसरा पायही रुतला.

"हालू नको!" गच्चीवरून एक उंच, हडकुळा म्हातारा ओरडला. "जोर लावू नको! चप्पल ऱ्हाऊ दे तठेच! पाय काढ फक्त!"

मी अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, ओट्यावर पोहोचले. तोवर ते खाली आले होते आणि माझ्याकडे न बघता माझ्या पायाला चिकटलेल्या चिखलाकडे बघत होते. त्यांनी वाकून तो बोटाने निरपून घेतला, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून त्याची लांब फीत काढली आणि ती मला दाखवली.

"दखा ताई! तुटस का? तुटस नही! इतली चिकट माटी तुमना कोकनमा शे का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मंग!" ते म्हणाले. एवढा अभिमान! जणू ही माती त्यांनीच मळून ठेवली होती. भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं मी नंतर विचारलं. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी त्या अभिमानाच्याच वस्तूशी जी कुस्ती धरली, ती मी वरच्या खोलीतून रोज पाहिली, आणि पुढे पुढे खाली उतरून खेळले.

कुस्तीचं कारण मला शेजारच्या सरांकडून कळलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आपलं सगळं अंगण सिमेंटच्या फरश्यांनी झाकून टाकलं होतं आणि कॉलनीतल्या प्रत्येकाने तेच करावं, असं त्यांचं मत होतं. बहुतेकांनी केलंही होतं. "आप्पांना मी किती वेळा सांगितलं, फरशी टाका आणि मोकळे व्हा. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची बायको वर राहते ना."

वर म्हणजे तोरणमाळला. आप्पा नोकरीभर त्या घाटातली बस चालवायचे. मुक्कामी गाडी. संध्याकाळी वर जायची, रात्री तिथेच थांबायची, सकाळी उतरायची. वरच्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी सीताफळांच्या टोपल्या घेऊन सकाळच्या गाडीला यायची. टोपल्या टपावर चढवायचं काम कंडक्टरचं, पण आप्पा ते स्वतः करायला लागले. मग दोन्हीकडच्यांचा विरोध, मग लग्न. संसार त्यांनी घाटाच्या पायथ्याशी, राणीपुरात केला. तिथे मुरमाड जमीन. माईंनी, म्हणजे त्याच सीताफळवालीने, त्या घराभोवती मिरच्या, वाल, रताळी, भुईमूग, काय वाटेल ते पिकवलं. मूलबाळ झालं नाही. निवृत्तीनंतर दवाखाना जवळ पाहिजे म्हणून आप्पांनी हौसेने शहाद्यात प्लॉट घेतला, घर बांधलं, वर भाड्याची खोली काढली. माई आल्या. पहिल्याच पावसाळ्यात परसात पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. लावलेली सगळी रोपं कुजली ती निराळीच. प्लास्टर निघालं, तशा त्या भावाकडे वर गेल्या.

भांडण असं झालंच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आठे कोथमीर भी उगत नही. मी आठे बठीसन काय करू?"

आप्पांनी सांगितलं, महिनाभरात माती सुधारून दाखवतो. माई हसल्या. "पयले करी दखाड. मंग बोल."

हे शब्द आप्पांनी फार मनावर घेतले. ते दर रविवारी सकाळच्या बसने वर जात, माईंबरोबर जेवत आणि संध्याकाळच्या बसने खाली येत. पण वर असताना मातीबद्दल अवाक्षर काढत नसत. आप्पांसारख्या माणसाला ही शिक्षाच. पोटात साठलेलं ते सगळं मग बसमध्ये बाहेर पडायचं. त्या मार्गावरचा तरुण ड्रायव्हर, कंडक्टर, बाजाराला येणाऱ्या बाया, सगळ्यांना आमच्या परसातली खडान्खडा माहिती असे.

पहिल्या हिवाळ्यात आप्पांनी मोठी चूक केली. चिकट मातीत वाळू मिसळली की ती मोकळी होईल, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांनी गोमाई नदीच्या वाळूची ट्रॉली आणून परसात ओतली आणि चांगली खणून मिसळली. वर पाणी मारलं. आठवड्याने काय झालं असेल? चिकण मातीच्या बारीक कणांनी वाळूतली सगळी फट बुजवली आणि परसाची एक अखंड वीट तयार झाली. मी संध्याकाळी आले तर आप्पा पहारीने तिच्यावर ठोके देत होते. खणखण आवाज येत होता.

"बिघडनं!" ते मला बघून ओरडले. "पक्कं बिघडनं! दखा, पहार वाजी ऱ्हायनी!"

चेहरा तर असा फुललेला, की मला वाटलं सोन्याचा हंडाच लागला.

"आप्पा, मग हसताय काय?"

"हसू नही ते काय करू? एक गोट ते कळनी ना! आते वाळू कधीच नही!"

सर भिंतीपलीकडून म्हणाले, "आप्पा, आयती फरशी झाली की! राहू द्या आता."

आप्पांनी उरलेला हिवाळा ती वीट फोडण्यात घालवला. तुकडे त्यांनी फाटकापासून ओट्यापर्यंत अंथरले. पायवाट मात्र उत्तम झाली, माझी चप्पल त्यानंतर कधी अडकली नाही.

मग त्यांनी ठरवलं की ह्या मातीत घालायचं ते कुजणारंच घालायचं, आणि इतकं घालायचं की तिला दमच लागला पाहिजे. आणि गोळा करायला लागले! शेणखत तर होतंच. साखर कारखान्याची मळी आणली, तिचा वास चार गल्ल्या गेला आणि सर तीन दिवस खिडक्या लावून बसले. उसाचं पाचट आणलं, कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, त्या कोयत्याने बोटबोटभर तोडल्या. भाताचं तूस नवापूरकडून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याकडून मिळवलं. लग्नाला गेले तर आहेर देऊन येताना पळसाच्या उष्ट्या पत्रावळींचं पोतं घेऊन यायचे. एकदा नवरीचा बाप त्यांच्यामागे धावत आला, त्याला वाटलं भांडी चालली. वरून बसने येणाऱ्या बाया शेळ्यांच्या लेंड्या पोत्यात भरून आणायच्या आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर उतरवायच्या. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आप्पा पळत सुटायचे.

मीही ह्यात कधी ओढली गेले ते कळलं नाही. दवाखान्याशेजारी रसवंती होती. तिथला चिपाडांचा ढीग बघून माझं मन चाळवायला लागलं. एकदा पेशंटचा खांदा फिरवता फिरवता मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे शेंगांची टरफलं फेकून देतात का हो?" तो बिचारा तेलगिरणीत कामाला होता. दुसऱ्या दिवशी टरफलांची दोन पोती घेऊनच तो व्यायामाला आला.

उन्हाळ्यात त्या जमिनीला भेगा पडत. भेगा म्हणजे बोटभर नाही, पंजा आत जाईल एवढ्या. आप्पांच्या कपाटाची किल्ली एका भेगेत पडली. ते पालथे पडून, आत तार घालून शोधत होते. किल्ली हाती लागली नाही, पण तार हातभर आत गेली, आणि आप्पा ताडकन उठून बसले.

"ताई, हाई ते आयतं दार शे! उन्हाळामा माटी तोंड उघाडस. आपन खणानं कसाले? वरथून खावाडी देवानं!"

मग भर मे महिन्यात आम्ही दोघं डोक्याला फडकी बांधून चाळलेलं कुजकं खत डब्याडब्याने भेगांत ओतत होतो. भेग खत गिळत जायची. अजून, अजून! मला त्या खेळाची इतकी गोडी लागली, की रविवारी आप्पा वर गेले तरी मी एकटीच ओतत बसायची. कपाट त्यांनी शेवटी कुलूप तोडून उघडलं.

दुसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी उंच वाफे केले, मधे चालायला फळ्या टाकल्या. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, हा कायदा. पायाने माती दबते आणि पुन्हा घट्ट होते. कुणाचा पाय फळीवरून जरा घसरला, की आप्पा जिथे असतील तिथून ओरडत, "ब्रेक! ब्रेक!" दूधवाला एकदा ह्या ओरडण्याने असा दचकला, की किटलीसकट वाफ्यातच बसला. वाफ्यांत त्यांनी ताग पेरला. ताग माझ्या खांद्यापर्यंत आला, पिवळी फुलं धरली, रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. सरसुद्धा म्हणाले, "आता शोभा आली." त्याच सकाळी वाफसा आला आणि आप्पांनी सगळा ताग कापून मातीत गाडला.

"अहो, फुलावर होता!" सर कळवळून म्हणाले.

"म्हनीसनच!" आप्पा म्हणाले. "कवळा शे तव्हयच गाडाना. जून व्हयना का कुजस नही."

त्या थंडीत पहिल्यांदा मेथी आली. कोथिंबीर आली. आप्पांनी ती माईंकडे नेली नाही. "कोथमीर वरवर उगस," ते म्हणाले. "मुळ्या खाल जातीस का नही, ते खरं." पण एका शनिवारी संध्याकाळी ते परसात कितीतरी वेळ मूठभर माती घेऊन बसून राहिले आणि मला म्हणाले, "पोरी, उद्या मन्हासंगे वर येशी का? तिना हात भी देखी ले." पहिल्यांदाच त्यांनी मला पोरी म्हटलं.

सकाळी ते स्टँडवर आले ते हातात बादली घेऊन. बादलीत वाफ्यातली माती, वर ओलं फडकं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ते बादली मांडीवर घेऊन बसले. बसमधल्या अर्ध्या लोकांनी फडकं उचलून आत पाहिलं, दोघींनी वासही घेतला. घाट सुरू झाला तसं आप्पांचं लक्ष रस्त्याकडे गेलं.

"दुसरा गेर टाक. दुसरा टाक! आते वळन येस."

"आप्पा," ड्रायव्हर म्हणाला, "गाडी मी चालाडी ऱ्हायनू ना?"

"चालाड, चालाड. पन बादली सांभाळ."

माई पाड्यावर भावाच्या झोपडीसमोर तूर निवडत होत्या. ठेंगणी, काळीसावळी, गळ्यात चांदीची जाड साखळी, बोलणं अगदी कमी. त्यांचं मनगट मी तपासलं. हाड चांगलं सांधलं होतं, पण पकड अजून कच्ची होती. मी व्यायाम सांगत होते आणि आप्पा मागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी बादली माईंच्या पुढ्यात ठेवली आणि फडकं काढलं. तोंडाने शब्द नाही.

माईंनी बादलीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. दुखरा हात आत घातला. मूठ वळली, उघडली. माती फुटली. बोटांमध्ये चोळली, नाकाशी नेली. आप्पांचा श्वास मला ऐकू येत होता.

"हाई ते बादलीनी माटी," माई म्हणाल्या. "बादलीमा ते मी भी करी लिसू. आंगन कसं शे?"

आप्पांनी ओलं फडकं खांद्यावर टाकलं. जेवणं झाली. निघताना माईंच्या भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या दिवाळीनंतर तो बहिणीला इथेच, स्वतःच्या घराशेजारी खोली बांधून देणार आहे. "आमनी बहीन आमले जड नही," तो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. आप्पांनीही ते ऐकलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला एकदाही गिअर सांगितला नाही. मला वाटलं, खचले. घाट उतरून राणीपूर आलं आणि त्यांनी एकदम रिकाम्या बादलीवर थाप मारली. माती माईंनी ठेवून घेतली होती.

"'आंगन कसं शे' इचारं तिनी! तू आयकं ना? इचारं!"

"हो, विचारलं."

"दोन वरीसमा पयल्यांदा इचारं!" आणि ते उठून ड्रायव्हरला सांगायला गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी भुईमूग लावला. चिकण मातीत भुईमुगाची मोठी पंचाईत होते. झाड वर चांगलं दिसतं, पण उपटायला जावं तर झाड हातात येतं आणि शेंगा मातीत अडकून राहतात. आप्पांना हीच परीक्षा पाहिजे होती. झाडं दाट आली, फुलली, आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ, मातीत शिरल्या. दसऱ्याच्या सुमारास पानं पिवळी पडायला लागली. शेंगा तयार होत्या. पण आप्पा एकही झाड उपटायला तयार नव्हते.

"निदान एक बघा तरी उपटून!" मी म्हटलं. मलाच धीर नव्हता.

"नही. पयलं झाड ती उपटी."

"आणि नाही आल्या तर?"

ते वाफ्यातलं गवत उपटायला लागले. दोन दिवसांनी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस पडला असता तर तयार शेंगांना जमिनीतच कोंब फुटले असते, सगळं फुकट. सर भिंतीवरून ओरडत होते, "आप्पा, काढा हो, काढा!" आप्पांनी मेव्हण्याला फोन लावला, वर रेंज मिळेना. तेव्हा ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि वर जाणाऱ्या बसला हात केला. ड्रायव्हरला म्हणाले, "तिले सांग, शेंगा तयार व्हयन्यात. बस. ये म्हनू नको. तयार व्हयन्यात इतलंच सांग."

ती रात्र गेली. सकाळी आभाळ काळं कुळकुळीत. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरून हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, ड्रायव्हर हात उचलायचं नावच घेईना! मी गच्चीवर धावले. बस रस्त्याच्या कडेला उभी आणि दारातून माणसं उतरतायत, एकामागून एक, बाजाराच्या टोपल्या घेऊन, आणि सगळी आमच्या गल्लीत वळतायत. सगळ्यांच्या पुढे माई.

आप्पा फाटकाशी उभे. हातात टूथब्रश, तोंडात पेस्ट.

माई त्यांच्या शेजारून सरळ परसात गेल्या. बसमधली माणसं कंपाउंडच्या भिंतीला छातीने टेकून उभी राहिली, सर आपल्या बाजूने खुर्चीवर चढले. माईंनी फळीकडे पाहिलंही नाही. त्यांनी सरळ वाफ्यात पाय ठेवला. आप्पांचा हात वर गेला, "ब्रेक" ओठांवर आला, आणि त्यांनी तो पेस्टबरोबर गिळला.

माई कोपऱ्यातल्या झाडापाशी वाकल्या. उजव्या हाताने धरलं. ओढलं.

कट्! झाड वर आलं. शेंग एकही नाही.

भिंतीपाशी कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आप्पा तोंड पुसत पुढे धावले. "तो कोपरा राही गया! तठे गवंडीसनी चिखल टाकेल व्हता! तठे मी पोचनू नही!"

माईंनी मान हलवली. दोन पावलं आत सरकल्या आणि मधल्या वाफ्यातलं एक झाड बुडाशी धरलं. हळूच वाकवलं आणि उचललं. माती आधी जराशी फुगली, मग उघडली, आणि झाड वर आलं, मुळं, तंतू आणि शेंगांचे घोसच्या घोस! माईंनी ते एकदा झटकलं. माती खाली गळून पडली. शेंगा हलत राहिल्या.

काय गलका उठला तेव्हा! बाया ओरडल्या, ड्रायव्हरने टाळी वाजवली, सर खुर्चीवरून पडता पडता वाचले, आणि मी गच्चीवर एकटीच नाचत होते. माईंनी एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकला. चावला. मग परसाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवून आप्पांना विचारलं, "आठे मिरची काब्रं नही लाई?"

"मिरची!" आप्पा ओरडले. "मिरची लावसूत! आजच लावसूत!"

मग बसमधल्या बायाच कासोटे खोचून आत शिरल्या. ड्रायव्हर घड्याळ बघत ओरडत होता, पण स्वतःही उपटत होता. बघता बघता सगळे वाफे मोकळे झाले, शेंगा ओट्यावर आल्या, प्रत्येकीने ओंजळभर पदरात घेतल्या आणि मंडळी बसकडे पळाली. जाता जाता कंडक्टरने बसमधून माईंचं सामान आणून फाटकात ठेवलं. मोठं गाठोडं, बियांच्या दोन पुरचुंड्या, तवा, आणि पाय बांधलेली एक कोंबडी.

मी त्या गाठोड्याकडे बघत राहिले. म्हणजे झाड उपटायच्या आधीच ह्यांचं ठरलं होतं!

दुपारी पाऊस कोसळायला लागला. आम्ही तिघं ओट्यावर शेंगा तोडत बसलो होतो. आप्पा कोंबडीसाठी खोकं शोधायला आत गेले, तेव्हा मी माईंना विचारलंच. त्या शेंगा तोडत म्हणाल्या, "तो बसमा सगळासले सांगस. बाजारमा बाया मले सांगतीस, वाळू टाकी, किल्ली पडनी, ताग गाडा. आख्खा डोंगरले म्हाईत. मन्हासमोर उना का मुका. दोन वरीस मी दुसरासना तोंडे आयकी ऱ्हायनी."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, आधी करून दाखव म्हणून?"

"मी एकदाच म्हनेल व्हतं," माई म्हणाल्या. "त्यानी मनमा धरी लिधं."

आप्पा खोकं घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसताक्षणी सुरू झाले. "तुले सांगस, ती वाळू ना, ती मी गोमाईवरथून..."

"आप्पा," मी म्हटलं, "माईंना सगळं माहीत आहे. बसमध्ये कळलंय."

"त्यासले काय म्हाईत?" ते उसळले. "ते बसमा व्हतात. परसमा मी व्हतू!" आणि माईंकडे वळले. डोळे चमकत होते, आवाज पावसाच्या वर चढला होता. "पयलेपासून सांगू?"

माईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

"सांग," त्या म्हणाल्या.